एका इंग्रजी शब्दाच्या निमित्ताने : आपले मूल कमी का बोलते?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)





वार्षिक समारंभातील भाषणांचे विषय बहुधा मोठे असतात. 'शिक्षणाचे महत्त्व', 'समाजाची प्रगती', 'आजचा विद्यार्थी, उद्याचा नागरिक'. हे विषय चांगलेच आहेत. पण आपण ते पुष्कळ वेळा ऐकले आहेत. म्हणून मी आज मोठ्या विषयाच्या वाटेला जात नाही. मी फक्त एका शब्दावर बोलणार आहे. शब्द इंग्रजी आहे, आणि तो न बोलण्याविषयीचा आहे. न बोलण्यावर भाषण करावयाचे, ही गोष्ट थोडी गमतीची आहे खरी. पण शेवटपर्यंत ऐकाल तर हा विषय आपल्या घरातलाच आहे, असे आपणांस वाटेल.

तो शब्द आहे 'टॅसिटर्न'. बारावीच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या मुलांना तो समानार्थी शब्दांच्या यादीत भेटतो. प्रथम उच्चार पाहा. टॅ-सि-टर्न, असे तीन तुकडे. जोर पहिल्या तुकड्यावर. मधला उच्चार 'सि' आहे, 'कि' नाही. नाम करावयाचे असेल तर 'टॅसिटर्निटी', आणि तेथे जोर 'टर्' वर जातो. इंग्रजीत हे नाम आधी आले, पंधराव्या शतकाच्या सुमारास. विशेषण अठराव्या शतकात रूढ झाले.

या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. तेथे 'टासेरे' या क्रियापदाचा अर्थ गप्प राहणे. त्यावरून 'टासितुर्नुस', म्हणजे गप्प राहण्याकडे ज्याचा कल आहे असा मनुष्य. याच कुळातील आणखी दोन शब्द लक्षात ठेवा. 'टॅसिट' म्हणजे न बोलता समजून घेतलेले. दोन भावांत जे ठरलेले असते पण कागदावर नसते, ते टॅसिट. 'रेटिसंट' म्हणजे स्वतःविषयी किंवा एखाद्या बाबीविषयी हातचे राखून बोलणारा. तिघे भाऊ एकाच घरातले, पण स्वभाव निराळे.

आता 'सायलेंट' आणि 'टॅसिटर्न' यांतील फरक सांगतो, कारण परीक्षेत मुले येथेच चुकतात. वर्गात सर आले आणि मुले गप्प झाली, तर ती सायलेंट झाली. ती टॅसिटर्न झाली नाहीत. घंटा झाल्यावर पाहा त्यांचा आवाज! सायलेंट ही त्या वेळेची अवस्था आहे. टॅसिटर्न ही सवय आहे, स्वभाव आहे. जो काल कमी बोलत होता, आज कमी बोलतो आणि लग्नाच्या मांडवातही कमीच बोलेल, तो टॅसिटर्न. 'सवय' हा शब्द नीट धरून ठेवा. माझे पुढचे सर्व बोलणे त्याच एका शब्दावर उभे आहे.

उर्दू बोलणाऱ्या घरात याला काय म्हणतात? आपण लगेच म्हणाल, 'कमगो'. बरोबर आहे. फारसीत 'गुफ्तन' म्हणजे बोलणे. त्याचाच अंश 'गो'. खरे बोलणारा तो रास्तगो, कमी बोलणारा तो कमगो. 'गुफ्तगू' हा शब्दही त्याच घराण्यातला. 'कमसुखन' हाही त्याच अर्थाचा, जरा अधिक साहित्यिक शब्द. मराठी बोलणाऱ्या माझ्या मित्रांनाही हे परके वाटू नये. 'कमजोर' आणि 'कमकुवत' हे शब्द आपण रोज वापरतो, त्यांतला 'कम' हाच. कोर्टात साक्षीदार 'जबानी' देतो, ती 'जबान' म्हणजे जिभेवरूनच आली. मराठीत स्वतःचे शब्दही भरपूर आहेत : अबोल, मितभाषी, मुखदुर्बळ, घुमा.

शब्दांची ही ये-जा घडवून आणणारी मोठी माणसे आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेली. अंजुमन तरक्की-ए-उर्दू ही संस्था 1903 साली निघाली. तिचे कार्य मौलवी अब्दुल हक यांनी अनेक वर्षे त्या वेळच्या औरंगाबाद शहरातून चालविले. 1937 साली त्यांचा इंग्रजी-उर्दू कोश तेथूनच प्रसिद्ध झाला. इंग्रजी शब्द उर्दू वाचकाला समजावून देण्याचे केवढे काम मराठवाड्याच्या भूमीवर झाले, हे आपल्या मुलांना माहीत असावे. त्याआधी 1925 साली माधवराव पटवर्धन, म्हणजेच कवी माधव जूलियन, यांचा फारसी-मराठी कोश पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने काढला. पुढे पुण्याचेच श्रीपाद जोशी यांनी उर्दू-मराठी शब्दकोशाचे काम केले. अशा माणसांमुळेच आज आपण तीन भाषांच्या तीन दरवाजांतून एकाच अर्थाच्या खोलीत जाऊ शकतो.

मात्र कोश अर्थ सांगतो. शब्दाचे वजन आपल्याला वापरातूनच कळते. आणि येथेच आपली गाडी अडते. आपल्या घरांत 'कमगो' हा शब्द बहुतेक वेळा स्तुतीचा असतो. 'बडा कमगो लडका है' म्हटले म्हणजे मुलगा शरीफ आहे, उगाच तोंड चालवीत नाही, मोठ्यांचा अदब राखतो. इंग्रजीतला 'टॅसिटर्न' तसा नाही. त्यात किंचित तक्रारीचा सूर असतो. हा मनुष्य मोकळा होत नाही, विचारल्याशिवाय सांगत नाही, सोबतीला जरा कोरडाच, असे ऐकणाऱ्याला वाटते.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, नोकरीच्या अर्जात आपले गुण लिहिताना कोश उघडून 'कमगो' च्या जागी 'टॅसिटर्न' लिहू नका. तुम्ही स्वतःची स्तुती करावयास जाल आणि समोरचा साहेब समजेल की हा पोरगा कोणाशी जमवून घेणारा नाही. त्यापेक्षा 'आय स्पीक लिटल, बट आय लिसन वेल' असे सरळ लिहा. मी कमी बोलतो, पण नीट ऐकतो. हे खरेही आहे आणि कामाचेही आहे.

येथवर शब्दाचे व्याकरण झाले. आता पालक बंधू-भगिनींसाठी खरी गोष्ट.

आपण मुलांना फार लवकर 'कमगो' ठरवितो. प्रगतिपुस्तकात शेरा येतो : 'वर्गात बोलत नाही.' घरी आई म्हणते, 'पहिल्यापासून तसाच आहे.' शेजारीण म्हणते, 'बापावर गेला आहे.' झाले! एकदा शिक्का बसला की पुढे कोणी विचारत नाही. मी म्हटले होते, 'सवय' हा शब्द धरून ठेवा. टॅसिटर्न किंवा कमगो हे शब्द फक्त सवयीने, स्वभावाने कमी बोलणाऱ्याला लागू होतात. परंतु आपली किती तरी मुले स्वभावाने नव्हे, तर काही कारणाने गप्प असतात. कारण असेल तर ते शोधता येते आणि पुष्कळदा दूरही करता येते. स्वभाव म्हणून सोडून दिले, तर ते तसेच राहते.

याचे एक उदाहरण जगप्रसिद्ध आहे. पॉल डिरॅक हे विसाव्या शतकातील फार मोठे शास्त्रज्ञ. जन्म 1902, इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात. आपल्या या कारखान्यांच्या पट्ट्यातील मुलांनी मुद्दाम लक्षात घ्यावे की त्यांची पहिली पदवी 1921 सालची, इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची. पहिल्या महायुद्धानंतरच्या मंदीत त्यांना इंजिनिअरची नोकरी मिळाली नाही. मग ते गणिताकडे वळले, केंब्रिजला गेले, आणि 1933 साली त्यांना श्रोडिंगर यांच्यासमवेत भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे डिरॅक इतके कमी बोलत की केंब्रिजच्या सहकाऱ्यांनी थट्टेने बोलण्याचे एक माप तयार केले होते. तासाला एक शब्द म्हणजे 'एक डिरॅक'!

टॅसिटर्न या शब्दाचे याहून चांगले उदाहरण कोणते? पण आता त्यामागची हकीकत ऐका. डिरॅक यांचे वडील मूळचे स्वित्झर्लंडचे, आणि ब्रिस्टलमध्ये फ्रेंच भाषेचे शिक्षक होते. मुलाने आपल्याशी जेवणाच्या टेबलावर फ्रेंचमध्येच बोलावे, असा त्यांचा आग्रह असे. हेतू चांगला होता. मुलाला एक भाषा यावी. डिरॅक यांनी पुढे स्वतःच सांगितले की मला फ्रेंचमध्ये आपले म्हणणे नीट मांडता येत नव्हते, तेव्हा काही न बोललेलेच बरे असे मला वाटू लागले, आणि मी गप्प राहावयास शिकलो. त्यांचा मूळ पिंडच तसा असावा, असे म्हणणारेही अभ्यासक आहेत. दोन्ही गोष्टी थोड्या थोड्या खऱ्या असतील. पण आपल्यासाठी बोध स्पष्ट आहे. ज्याला सारे जग स्वभाव म्हणत होते, त्याच्या मुळाशी त्या माणसाच्या स्वतःच्या मते भाषेची अडचण होती.

आता आपल्या गावाकडे, पिंपरी-चिंचवडकडे येऊ या. पिंपरीला 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. मग आकुर्डी, भोसरी, चिंचवड येथे कारखाने उभे राहिले. 1982 साली महानगरपालिका झाली. पुढे चाकणच्या माळावर मोटारींचे आणि मोटारींच्या सुट्या भागांचे कारखाने आले. या कामाच्या ओढीने मराठवाड्यातून, सोलापूरकडून, कोकणातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून माणसे आली. त्यांत आपलीही घरे आहेत. अशा घरातील मुलाकडे जरा पाहा. आई दखनी बोलते, म्हणजे उर्दूच, पण 'नक्को' म्हणणारी, मराठीच्या मांडीवर वाढलेली. पुस्तकातली उर्दू निराळी. गल्लीत मराठी. टीव्हीवर हिंदी. शाळेत उर्दू, मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषा. एक लिपी उजवीकडून डावीकडे जाते, दुसऱ्या डावीकडून उजवीकडे. लहानशा जिवाला हे सगळे सांभाळावयाचे आहे. हे मूल नव्या वर्गात गेल्यावर काही दिवस गप्प बसले तर नवल ते काय?

भाषा शिकण्याचा अभ्यास करणारे तज्ज्ञ सांगतात की नव्या भाषेच्या वातावरणात आलेले लहान मूल सुरुवातीला काही आठवडे, कधी काही महिनेही बोलत नाही. ते मूल तेव्हा मंद नसते. ते ऐकत असते, साठवीत असते. अशा वेळी त्याला 'घरीसुद्धा इंग्रजीतच बोल, नाही तर गप्प बस' असे सांगितले, तर ते दुसरी आज्ञा पाळते!

मोठ्या मुलांचेही तसेच आहे. पुण्याची बालभारती उर्दू माध्यमाचीही पुस्तके काढते. त्यात आपल्या मुलाने कोनाला 'जाविया', त्रिकोणाला 'मुसल्लस', व्यासाला 'कुत्र' आणि त्रिज्येला 'निस्फ कुत्र' असे शिकलेले असते. हाच मुलगा आयटीआयला किंवा कारखान्यात अप्रेंटिसच्या मुलाखतीला जातो. समोरचे साहेब विचारतात, 'या जॉबचा व्यास किती?' मुलगा गप्प. दुसरे विचारतात, 'डाया बोल, डाया!' मुलगा अधिकच गप्प. त्याला व्यास काढता येतो. वर्तुळाचे सूत्र तोंडपाठ आहे. पण त्याच्याजवळ 'कुत्र' आहे आणि समोरच्याला 'डाया' हवा आहे. साहेब कागदावर काय लिहितील? 'कम्युनिकेशन कमी.' आणि घरी आल्यावर आपण काय म्हणू? 'आमचा मुलगा पहिल्यापासूनच कमगो.' दोघांचेही निदान चुकले. त्या मुलाला स्वभाव बदलावयाचा नव्हता. त्याला फक्त 20-25 शब्दांच्या जोड्या कोणी तरी आधी सांगावयास हव्या होत्या.

भाषेखेरीज गप्प राहण्याची आणखी तीन कारणे सांगतो.

एक कारण भीती. काही मुले घरी भरपूर बोलतात, भावंडांशी भांडतात, आईला गोष्टी सांगतात. पण शाळेच्या फाटकात शिरली की तोंडातून शब्द नाही. शाळेचा पहिला महिना सोडून द्या. त्यानंतरही महिना-दोन महिने असेच चालले, आणि शाळेची भाषा तर त्याला येते, तर तो हट्ट किंवा उर्मटपणा समजू नये. वैद्यकशास्त्रात याला 'सिलेक्टिव्ह म्यूटिझम' म्हणतात आणि चिंतेच्या विकारांत त्याची गणना होते. त्यावर उपाय आहेत. मारून, ओरडून किंवा पाहुण्यांसमोर 'बोल ना, मुका आहेस का?' असे म्हणून ते बरे होत नाही, वाढते. डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना दाखवावे. त्यात लाज कसली?

दुसरे कारण कान. ज्या लहान मुलाला नीट ऐकू येत नाही, ते नीट बोलत नाही. हाक मारल्यावर वळत नाही, टीव्हीचा आवाज मोठा करते, वर्गात दुसऱ्याच्या वहीत पाहून लिहिते. अशा मुलाचे कान आधी तपासून घ्यावेत. पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आपल्या जवळच आहे.

आणि कानाचा विषय निघाला म्हणून घरातल्या मोठ्यांविषयीही दोन शब्द. प्रेस शॉपमध्ये, फोर्जिंगमध्ये, ग्राइंडिंगवर 20-20 वर्षे काम केलेली माणसे आपल्यात आहेत. रोज 8 तास 85 डेसिबल किंवा त्याहून अधिक आवाजात काम केले, तर कानाला कायमची इजा होण्याचा धोका असतो. ही इजा हळूहळू होते आणि तीव्र, बारीक आवाज आधी जातात. बोलणे ऐकू येते, पण शब्द नीट लागत नाहीत. चार माणसांच्या बैठकीत असा मनुष्य नुसता मान हलवितो. पुढे बैठकीत बसावयाचेच सोडतो. घरातली माणसे म्हणतात, 'अब्बा आजकाल बोलतच नाहीत, वयाबरोबर कमगो झाले.' अब्बा कमगो झालेले नाहीत. अब्बांना ऐकू येत नाही, आणि पुन्हा पुन्हा 'काय म्हणालास?' असे विचारण्याची त्यांना लाज वाटते. गेलेले ऐकणे परत येत नाही. पण उरलेले राखता येते. इअरप्लग कंपनीने दिले असतील तर ते खिशात ठेवण्यासाठी नव्हेत.

तिसरे कारण अदब. याविषयी मला जपून बोलावयाचे आहे, कारण अदब ही आपली दौलत आहे. 'पहले तोलो, फिर बोलो' हे आपल्या वडीलधाऱ्यांनी शिकविले, ते योग्यच शिकविले. मोठ्यांच्या मध्ये बोलू नये, कोणाची निंदा करू नये, कळत नसेल तर वाद घालू नये, हे मुलांनी शिकलेच पाहिजे. परंतु अदबीचा अर्थ 'कधीच बोलू नये' असा मुलाने घेतला, तर पंचाईत होते. त्याला गणित समजले नाही, तरी तो सरांना विचारीत नाही. त्याला कोणी त्रास दिला, तरी तो घरी सांगत नाही.

मुलींच्या बाबतीत हे अधिक घडते. स्थळ पाहावयास आलेल्यांना आपण अभिमानाने सांगतो, 'लडकी बहुत कमगो है.' जणू तो तिचा दाखलाच. मी विचारतो, हीच मुलगी उद्या दवाखान्यात गेली, तर आपले दुखणे डॉक्टरला कोणत्या तोंडाने सांगेल? बँकेत, कॉलेजच्या प्रवेशाच्या खिडकीवर, बाळाच्या शाळेत तिच्यासाठी कोण बोलेल? मुलीला गप्प राहणे शिकविताना केव्हा बोलावयाचे, हेही त्याच पाटावर बसवून शिकविले पाहिजे. हया आणि मुकेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कारखान्यात तर न बोलण्याची किंमत कधी कधी बोटांनी मोजावी लागते. पॉवर प्रेसचा आवाज आज वेगळा येतो आहे, गार्ड सैल झाला आहे, सेन्सर बंद करून ठेवला आहे. नव्या हेल्परला हे दिसते. तो मनात म्हणतो, 'मी नवा. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस. सुपरवायझरला कसे सांगू? माझे मराठी ऐकून हसतील.' आणि तो गप्प राहतो. ज्या मोटारींच्या कारखान्यांत जपानी पद्धतीने काम चालते, तेथे लाइनवर 'अँडन' असतो. काही चुकीचे दिसले की कामगाराने दोरी ओढावयाची किंवा बटण दाबावयाचे, दिवा लागतो आणि वरचा माणूस धावत येतो. याचा अर्थ काय? साध्या कामगाराने बोलावे, थांबवावे, यासाठी त्या लोकांनी दोरीच बांधून ठेवली. कमी बोलणाऱ्यालाही ती ओढता येते. आपण आपल्या मुलांच्या हातात अशी एक दोरी दिली पाहिजे. तीन वाक्ये प्रत्येकाला मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत पाठ असावीत : 'मला समजले नाही, पुन्हा सांगा.' 'येथे काही तरी चुकले आहे.' 'थांबा, धोका आहे.' एवढी तीन वाक्ये वेळेवर बोलणारा मुलगा बाकी दिवसभर गप्प राहिला, तरी माझी तक्रार नाही.

आता काय करावे, ते थोडक्यात सांगतो.

पालकांनी आधी पाहावे की मूल कोठे गप्प असते. सगळीकडेच, शांतपणे, आनंदाने गप्प असेल, एक-दोन जिवलग मित्र असतील, खाणे-झोपणे-खेळणे ठीक असेल, विचारल्यावर नीट उत्तर देत असेल, तर तो स्वभाव समजावा. एकाच ठिकाणी किंवा एकाच भाषेत गप्प असेल, तर कारण त्या ठिकाणी किंवा त्या भाषेत शोधावे. आणि बोलके मूल एकाएकी गप्प झाले, तर एक दिवसही थांबू नये. जवळ घेऊन विचारावे, काय घडले? याला उर्दूत 'गुमसुम होणे' म्हणतात. कमगो आणि गुमसुम यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

घरची भाषा घरात मोकळी वाहू द्यावी. ज्याला आपल्या भाषेत पूर्ण गोष्ट सांगता येते, त्याला दुसऱ्या भाषेत सांगण्यासाठी फक्त शब्द शोधावे लागतात. ज्याला गोष्टच सांगावयाची सवय नाही, तो दहा भाषा शिकून काय करील? रात्री जेवताना मोबाइल बाजूला ठेवून प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा, 'आज काय झाले?' आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नये. हे शेवटचे पालकांनाच कठीण जाते.

विद्यार्थ्यांनी एक छोटी वही करावी. तीन रकाने आखावेत : उर्दू, मराठी, इंग्रजी. जाविया, कोन, अँगल. कुत्र, व्यास, डायमीटर; आणि त्याच्याच शेजारी कारखान्यातला 'डाया'. रोज दोन ओळी लिहिल्या, तरी वर्षात सातशे ओळी होतात. मुलाखतीच्या दिवशी ही वही तुम्हाला मोठ्या क्लासपेक्षा अधिक उपयोगी पडेल.

शिक्षक बंधूंना माझी नम्र विनंती, 'बोलत नाही' एवढाच शेरा लिहू नये. कोणत्या तासाला बोलत नाही, कोणत्या भाषेत बोलत नाही, हे लिहावे. प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात पाच अंक मोजावेत. दुसऱ्या भाषेतून उत्तर जुळविणाऱ्या मुलाला तेवढा वेळ लागतोच. हात वर करणाऱ्या चार मुलांत तास पुढे निघून जातो आणि पाचवा आपले उत्तर तोंडाशी आलेले असताना गिळून टाकतो.

आणि शेवटी, जी मुले खरोखरच स्वभावाने कमगो आहेत, त्यांची बाजू घेतली नाही तर या भाषणाला न्याय होणार नाही. अशा मुलांना उगाच ढकलून स्टेजवर उभे करू नका. त्यांना बोलक्या भावाशी तोलू नका. बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत, अशा अर्थाची म्हण आपण ऐकतो. बाजारात ते खरे असेल. पण घर म्हणजे बाजार नव्हे. मायक्रोमीटर हातात धरून शंभरावा भाग तपासणाऱ्याला, रात्रपाळीत रुग्णाजवळ बसणाऱ्या परिचारिकेला, हिशेबाच्या रकान्यांवरून डोळा फिरविणाऱ्या मुलीला ही शांतताच कामी येते. अशा मुलाकडे दिवसात चारच वाक्ये असतील. आपले काम एवढेच की ती चार वाक्ये तो बोलेल तेव्हा घरात कोणी तरी ऐकणारे असावे.

तेव्हा मित्रांनो, 'टॅसिटर्न' हा शब्द शिका. परीक्षेत तो बरोबर लिहा. त्याला उर्दूत कमगो आणि मराठीत अबोल, मितभाषी म्हणा. पण जिवंत माणसाला, विशेषतः लहान मुलाला हा शब्द लावण्यापूर्वी थांबा आणि विचारा : ही याची सवय आहे, की याला भाषा अडते, भीती वाटते, ऐकू येत नाही, की आपणच याला बोलू दिले नाही? हा प्रश्न विचारून मग जो शब्द निवडाल, तो बरोबर असेल.

आपण इतका वेळ शांतपणे ऐकून घेतलेत. हे मौन स्वभावाचे नव्हते, सौजन्याचे होते, हे मी जाणतो.